पद्धतीच्या प्रकरणात तात्यांचं नाव

माझ्या प्रबंधात ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात माझ्या थोरल्या चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, नाव छापलेलं आहे. आभाराच्या पानावर सगळ्यांचीच नावं येतात, आईवडिलांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत. मला ते नाव तिथे नको होतं. कुठलं रसायन कुठून आणलं, कुठलं यंत्र वापरलं, कुणाची पद्धत अवलंबली हे जिथे लिहितात तिथे हवं होतं. पीएच.डी.च्या काळात मी ज्या ज्या गोष्टींसाठी झगडले, त्यात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणून प्रवेशापासून व्हायव्हापर्यंतची, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंतची, हकिकत त्या नावाच्या अंगानं सांगते.

आम्ही कोल्हापूरचे, ढोर समाजाचे. कातडी कमावणं हा पिढीजात धंदा. कोल्हापुरी चप्पल म्हटलं की लोकांना चप्पल लाईन आठवते, कापशी आठवते, वेणी आणि कान आठवतात. त्या चपलेचं कातडं कोण कमावतं हे सहसा कुणी विचारत नाही. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून. वर्तमानपत्रांत चप्पल बांधणाऱ्या कारागिरांचे फोटो आले, ते यायलाच हवे होते. पण चपलेचा सगळा दर्जा ज्या कातड्यावर उभा आहे, ते करणारा माणूस तेव्हाही चौकटीबाहेरच राहिला.

तात्यांचा कारखाना जवाहरनगरात आहे. मीठ लावलेलं ओलं कातडं येतं. ते धुऊन चुन्याच्या पाण्यात टाकायचं, केस सुटले की खरवडायचे, मागचं मांस काढायचं, चुना धुऊन घालवायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा. शेवटी त्याच कातड्याची शिवून पिशवी करायची, ती टांगायची, आत साल-हिरड्याचा चुरा आणि पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली जमतं, ते उचलून परत वर ओतायचं. क्रोमियमच्या क्षारांनी जे काम एखाद्या दिवसात उरकतं, त्याला इथे आठवडे लागतात. 2015 च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं यायचं थांबलं, तेव्हापासून भर म्हशीच्या कातड्यावर आहे.

या सगळ्यातून माझे वडील फार आधी बाहेर पडले होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून लागले, घर बदललं, आणि आम्हा भावंडांना कारखान्याच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही असं ठरवलं. एम.एस्सी. झाल्यावर मी घरी सांगितलं की पीएच.डी.ला साल-हिरड्याचं कातडं हाच विषय घेणार आहे, तेव्हा ते जेवणावरून उठले. आज्जीनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, “पोरी, शिकलीस ती ह्यातनं भाईर पडायला, का परत ह्यातच हात घालायला?”

हा प्रश्न साधा नाही. बाबासाहेबांनी घाणेरडी म्हणून लादलेली कामं सोडून द्यायला सांगितलं होतं. ते ऐकून ज्यांनी धंदा सोडला त्यांची मुलं शिकली, त्यात मीही आले. वडिलांनी डेपोतल्या ग्रीसमध्ये हात काळे केले ते माझे हात चुन्यात फुटू नयेत म्हणून. त्यांच्या रागात प्रेमच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला दोन गोष्टी वेगळ्या दिसत होत्या. माणसाला जन्मावरून एका कामाला बांधून घालणं हा अन्याय, आणि तो गेलाच पाहिजे. पण ते काम करताना माणसांनी जे शोधलं, पारखलं, पोरांच्या हाती दिलं, ते ज्ञान आहे. अन्यायाबरोबर ते ज्ञानही कवडीमोल ठरवून फेकून दिलं, तर आमचं दुसऱ्यांदा नुकसान होतं. वडिलांना हे पटायला वेळ लागला. पूर्ण पटलंय असं आजही म्हणणार नाही.

प्रवेश परीक्षा, मुलाखत हे सगळ्यांना असतं तसंच झालं. खरा वेळ गेला तो जातवैधता प्रमाणपत्रात. अधिछात्रवृत्तीच्या, म्हणजे फेलोशिपच्या, फाईलला ते लागणार होतं आणि आमच्या घरात आधी कुणी काढलेलं नव्हतं. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे त्यांचा दाखला नव्हता. वडिलांच्या चुलत्यांची नोंद मात्र एका प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडली. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला नसता, तर आमच्या घरातलं पोर त्या रजिस्टरात आलं असतं का, हा विचार तो उतारा हातात घेताना आल्याशिवाय राहिला नाही. खापरपणजोबांच्या बाजूची एक नोंद मोडीत होती. ती वाचून, देवनागरीत उतरवून, जाणकाराची सही-शिक्का घेऊन जोडली. एका कागदावर ‘ढोर’, दुसऱ्यावर ‘कक्कय्या’. दोन्ही नावं अनुसूचित जातींच्या यादीत एकाच नोंदीत आहेत, तरी खुलासा द्यावा लागला. दक्षता पथकाची माणसं घरी आली, शेजाऱ्यांना विचारून गेली. आज्जी त्यांना चहा देताना म्हणाली, “आमची जात गावाला ठावं हाय, आमालाच आता कागद दावाय लागतोय.”

ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांना एकच सांगते: वंशावळ आधी कागदावर काढा, प्रत्येक नावापुढे कुठल्या गावात, कुठल्या शाळेत नोंद असू शकते ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा, आणि हे पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू करा.

विषयाला मान्यता मिळवायची बैठक मला शब्दन् शब्द आठवते. कोल्हापुरात पातळ थरांच्या आणि नॅनो पदार्थांच्या संशोधनाची मोठी परंपरा आहे, बरोबरीच्या बहुतेकांचे विषय त्यातलेच. माझ्या पहिल्या स्लाईडवर टांगलेल्या पिशवीचा फोटो होता. समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, “यात केमिस्ट्री कुठे आहे? हा तर कुटीरोद्योग झाला.” मी कोलॅजेनपासून सुरुवात केली. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं धाग्यांसारखं प्रथिन, आणि त्याच्या तीन पेडांच्या वेटोळ्याची रचना जी. एन. रामचंद्रन यांनी 1954 साली मद्रासमध्ये मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाच्या नमुन्यावर. त्याच शहरात 1948 साली केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी राहिली होती. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, पाण्यानं विघटन होणाऱ्या प्रकारातलं, बाभळीच्या सालीतलं संघनित प्रकारातलं. दोन्हींचे रेणू कोलॅजेनच्या धाग्यांत शिरून हायड्रोजन बंधांनी त्यांना एकमेकांशी जखडतात, म्हणून कातडं कुजत नाही. ही दोन टॅनिनं कोणत्या क्रमानं आणि किती प्रमाणात द्यायची हे तात्यांच्या पिढीनं ठरवलेलं आहे. त्या क्रमाचं कारण शोधणं ही केमिस्ट्री नाही, तर काय आहे?

मान्यता मिळाली. शीर्षकातला ‘कोल्हापुरातील ढोर समाजाच्या’ हा भाग मात्र काढायला लावला. त्या जागी ‘पारंपरिक’ हा शब्द आला. माझ्या गाईड सरांनी खुणेनं मला थांबवलं, आणि मी तिथे थांबले. सर हाडाचे केमिस्ट, माणूस म्हणून चांगले. पण जातीचा विषय निघाला की गप्प व्हायचे. मला वाटतं त्यांना भीती होती की कुणाला दुखावलं तर माझंच नुकसान होईल.

प्रयोगशाळेबद्दल लिहिताना संस्थेचं नाव घेत नाही. विभागाचा डीप फ्रीजर सगळ्यांचा मिळून एकच होता. त्यात एका गटाचे माशांच्या यकृताचे नमुने, दुसऱ्याचे उंदरांचे. माझे कातड्याचे तुकडे झिपच्या पिशव्यांत, वर दुसरी पिशवी, त्यावर चिठ्ठी. एका सकाळी फ्रीजरच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला: ‘कृपया यात कातडे ठेवू नये.’ माझे नमुने बाहेर टेबलावर पाणी सुटून पडले होते. मी विचारायला गेले तर एक सिनियर म्हणाला, “वास येतो गं. आणि तुमच्या घरचं ते, इथं कशाला?” माशांचा वास कुणाला आलेला नव्हता.

त्या दिवशी मी रडले नाही. ते तुकडे परत तात्यांकडून आणायचे, परत चुन्यापासून सुरू करायचं, म्हणजे दोन महिने गेले, हे डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या समतेविषयीच्या नियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा लागतो. तो कोण आहे हे शोधून काढायला मला ऑफिसात बरंच फिरावं लागलं, पण होता. अर्जात मी ‘मला वाईट वाटलं’ असं काही लिहिलं नाही. कुणाचे कोणते जैविक नमुने फ्रीजरमध्ये आहेत, कुणाचे काढले, कागदाचा फोटो, नुकसान किती, एवढंच. चौकशीत कुणाला शिक्षा झाली नाही. पण सगळ्या जैविक नमुन्यांना एकच नियम असा लेखी आदेश निघाला आणि मला एक कप्पा मिळाला. तो आदेश आजही तिथे लावलेला आहे, आणि माझ्यानंतर आलेल्या मुलीला भांडावं लागलं नाही.

‘विज्ञानाला जात नसते’ हे वाक्य मी त्या काळात फार ऐकलं. बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते मनापासून वाटत असतं. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांना कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलात जातीमुळे काय सोसावं लागलं हे नोंदलेलं आहे. त्याच साहांचं आयनीभवनाचं समीकरण 1920 साली आलं आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लागायला लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये, इथून जवळच, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. समीकरणाला जात नव्हती, खरंय. पण समीकरण मांडणाऱ्याला जेवायला कुठे बसवायचं हे जातच ठरवत होती. प्रयोगशाळाही माणसांनीच चालते.

आता त्या प्रयोगाकडे येते, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

कातडं कमावून झालं की नाही हे तात्या रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, ठरवतात. कडेची एक बारीक पट्टी कापायची, काप उजेडाकडे धरायचा आणि मधोमध फिकट रेघ दिसते का ते बघायचं. रेघ असली की, “अजून कच्चं हाय.” मग तो काप अंगठ्यानं दुमडतात, कधी जिभेला लावतात. प्रयोगशाळेत हेच आकुंचन तापमानावरून ठरवतात. पट्टी पाण्यात टांगून पाणी हळूहळू तापवायचं आणि ती कितीला आखडते ते बघायचं. कच्चं कातडं साधारण 65 अंशांच्या आसपास आखडतं, साल-हिरड्यात पूर्ण पिकलेलं 80 च्या जवळ किंवा वर जातं.

मी वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या पट्ट्यांना नुसते आकडे दिले, चिठ्ठ्या सरांकडे बंद पाकिटात ठेवल्या, आणि पट्ट्या तात्यांपुढे मांडल्या. त्यांना दिवस माहीत नव्हता, मलाही बघताना माहीत नव्हता. ते एकेक पट्टी उचलून कापत, बघत, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत गेले. मध्ये चहा आला तो तसाच निवला. काही पट्ट्यांपाशी ते थांबले. रेघ नव्हती, पण त्यांनी पट्टी बोटांत चोळली आणि म्हणाले, “ह्या पोटाकडच्या हायत. ह्याला पाठीच्या कातड्यागत धरू नगंस. ह्ये एवढंच पिकतं.” पोटाकडच्या कातड्यातले धागे सैल विणीचे असतात, पाठीकडचे दाट. पाकीट उघडलं तेव्हा त्या पट्ट्या पोटाकडच्याच निघाल्या. त्यांच्या डाव्या-उजव्या ढिगाची आणि माझ्या तापमानांची सांगड इतकी जुळली की सरांनी आलेख दोनदा काढायला लावला. त्यानंतर सर स्वतः जवाहरनगरात आले, तात्यांशेजारी पाटावर बसले, आणि त्यांना “तात्या” म्हणायला लागले.

अधिछात्रवृत्तीचं थोडक्यात सांगते. कागदावर ती सन्मानानं जगण्याइतकी आहे. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ अधिछात्राला महिना 37,000 रुपये आणि वरिष्ठ अधिछात्राला 42,000 रुपये असा दर झाला. हातात मात्र ती महिन्याच्या महिन्याला येत नाही. कधी अर्धं वर्ष काहीच नाही, मग एकदम. त्या मधल्या काळात आईच्या भिशीवर आणि पतसंस्थेच्या कर्जावर माझी रसायनं आली. ज्याच्या घरी वर्षभर थांबायची ताकद आहे त्यालाच संशोधन झेपतं, आणि ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्यांच्या घरी नेमकी तीच ताकद नसते. आमच्या बॅचमधली एक हुशार मुलगी याच कारणानं सोडून एका पतपेढीत चिकटली. तिचं काम अर्धवट राहिलं याची मला आजही रुखरुख आहे.

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा नावाचा प्रश्न आला. सरांचं म्हणणं, “आभारात ठळक लिही ना.” मी म्हटलं, सर, आकुंचन तापमानाची पद्धत ज्या पुस्तकातून घेतली त्याच्या लेखकाला आपण संदर्भात घालतो. रापीच्या कापावरून पारखायची पद्धत ज्यांच्याकडून घेतली ते पुस्तक नाहीत, माणूस आहेत, एवढाच फरक आहे ना? मग त्यांच्याकडून शिकले हे तिथेच लिहायला पाहिजे. मी मराठीत संमतिपत्र तयार केलं, कारखान्यात बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. तात्या आणि त्यांच्याबरोबरचे दोघे, तिघांनीही नाव द्यायला होकार दिला. एकानं विचारलं, “वसाहतीचं नाव बी येणार का?” येणार म्हटल्यावर सही केली. ती नावं प्रबंधात आहेत. इथे लिहीत नाही, कारण होकार प्रबंधापुरता घेतलेला आहे.

एक गोष्ट मी प्रबंधात लपवली नाही. साल-हिरड्याचं काम निरुपद्रवी आहे असं सरसकट म्हणता येत नाही. त्यात क्रोमियम नाही ही मोठी जमेची बाजू, पण चुन्याचं पाणी आणि टॅनिनचं तपकिरी सांडपाणी नाल्यात गेलं तर त्रास होतोच, आणि उघड्या हातांनी चुन्यात काम करणाऱ्यांची कातडी फाटते. कारागिराचा मान राखायचा तर त्याच्या हातांचाही विचार करावा लागतो. शेवटचं प्रकरण म्हणूनच सांडपाण्यावर आणि हातमोज्यांसह करता येईल अशा टप्प्यांवर आहे.

व्हायव्हाला तात्या धोतर-टोपीत आले. वडीलही आले, शेवटच्या रांगेत बसले. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या राज्यातले. त्यांनी विचारलं, हाताची पारख व्यक्तीवर अवलंबून असते, तिला पद्धत कशी म्हणता? मी बंद पाकिटाचा प्रयोग सांगितला, तिघा कारागिरांनी वेगवेगळं बसून केलेल्या पारखीतला मेळ दाखवला. त्यांनी पुढचा अर्धा तास फक्त पोटाकडच्या पट्ट्यांवर प्रश्न विचारले. नंतर पेढे वाटताना वडिलांनी पहिला पेढा तात्यांना दिला. दोघा भावांमध्ये धंद्यावरून बरीच वर्षं धड बोलणं नव्हतं.

सध्या त्याच प्रयोगावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे आहे. या वेळी तात्यांचं नाव लेखकांमध्ये आहे, तिसरं. सर स्वतःहून म्हणाले. लेखक म्हणून नाव द्यायचं तर त्यानं अखेरचा मसुदा मंजूर करावा लागतो, म्हणून मी सगळा निबंध मराठीत करून तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. एक हिरड्याच्या दर्जाबद्दल, दुसरी पावसाळ्यात पाणी कधी बदलायचं याबद्दल. दोन्ही घेतल्या. मग त्यांनी विचारलं, “ह्यात पैसं मिळत्यात काय?” मी नाही म्हटलं. “मग कातड्याला दर तरी?” तोही नाही. तरी त्यांनी सही केली. पण तो प्रश्न मी सोडलेला नाही. कमावलेल्या कातड्याची प्रतवारी या तपासणीवर ठरवून दर मागता येईल का, यावर आम्ही वसाहतीत बोलायला सुरुवात केली आहे.

गेल्या आठवड्यात संपादकांचा निरोप आला: तिसऱ्या लेखकाची संस्था आणि ईमेल कळवावा. चुलत भावानं तात्यांचा ईमेल काढून दिला. संस्थेच्या रकान्यात मी लिहिलं, कातडी कमावणारे स्वतंत्र कारागीर, जवाहरनगर, कोल्हापूर.